क्लिनिकल सायकॉलॉजीचा अर्ज : आधी त्यांचं वाचा, मग आपलं लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत अमेरिकेतल्या उच्चशिक्षणावर आलेला लेख वाचला. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजीच्या, म्हणजे मानसिक आजारांवरचं संशोधन आणि उपचार यांच्या शाखेच्या, पीएच.डी.साठी अर्ज करणाऱ्यांना सल्ला दिला होता की एसओपीची (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतच्या हेतुनिवेदनाची) सुरुवात मनाला भिडणाऱ्या वैयक्तिक अनुभवाने करावी, स्वतःचं दुःख लपवू नये, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. लेखाचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. पण तिकडच्या एका विद्यापीठात या विषयाच्या प्रवेश समितीवर मी बरीच वर्षं काम केलं आहे, आणि या सल्ल्याने चांगल्या चांगल्या मुलामुलींचे अर्ज बाजूला पडताना पाहिले आहेत. म्हणून हे पत्र.

अर्ज तिथे कसा वाचला जातो ते आधी सांगते. बहुतेक पीएच.डी. अभ्यासक्रमांत विद्यार्थी नुसता विभागात येत नाही, तो एका ठरावीक प्राध्यापकाच्या हाताखाली येतो. त्या प्राध्यापकाला वर्षाला एखादाच नवा विद्यार्थी घेता येतो, कधी एकही नाही. अख्ख्या विभागाच्या जागा जेमतेम आठ-दहा आणि अर्ज शेकडो. डिसेंबरच्या सुरुवातीला मुदत संपते आणि वाचन सुरू होतं. समोर गुणपत्रिका, तीन शिफारसपत्रं, बायोडेटा आणि दोन पानांची एसओपी. एक नमुना सांगते, असे कितीतरी पाहिले. पहिलं अर्धं पान आजीच्या स्मृतिभ्रंशावर, खरोखर सुंदर लिहिलेलं. पुढे 'तेव्हाच मी ठरवलं की लोकांना मदत करायची'. मग पदवीचे विषय, मिळालेली बक्षिसं. शेवटच्या परिच्छेदात 'आपल्या विभागातील अमुक प्राध्यापकांसोबत काम करायला मला आवडेल', आणि ते प्राध्यापक निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. काही अर्जांत तर दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहून गेलेलं असतं. वाचणारा असा अर्ज बाजूला ठेवतो तो निर्दयपणाने नाही. समितीच्या बैठकीत या मुलीची बाजू मांडायची, तर नेमकं काय सांगायचं? हिला कशाचा शोध घ्यायचा आहे, हे दोन पानं वाचूनही कळलेलं नसतं.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. ड्रू ॲपलबी आणि कॅरन ॲपलबी यांनी मानसशास्त्र विभागांच्या प्रवेश समित्यांच्या अध्यक्षांनाच विचारलं होतं की एरवी चांगला असलेला अर्ज कशामुळे बुडतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जी कारणं पुढे आली, त्यांत स्वतःबद्दल, विशेषतः स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल, गरजेपेक्षा जास्त सांगणं हे ठळक होतं. ज्या अभ्यासक्रमाला अर्ज केला त्याची माहितीच नसणं, अर्जदाराला नीट न ओळखणाऱ्या किंवा त्याच्याबद्दल फारसं बरं न लिहिणाऱ्या माणसाचं शिफारसपत्र, गचाळ लेखन, उगाच छाप पाडायचा प्रयत्न, हीही होती. 'डोळ्यांत पाणी आणा' हा सल्ला यातल्या पहिल्याच खड्ड्याकडे बोट धरून नेतो.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण मुद्दा सोपा नाही. मानसिक आजाराची लाज बाळगू नका असं साऱ्या जगाला सांगणारी ही विद्याशाखा. तिच्याच दारात एखाद्याने 'मलाही हा आजार होता' म्हटलं तर समितीतल्या कुणाच्या तरी कपाळावर आठी पडते, ही गोष्ट मला आजही बोचते. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही उपचारपद्धती घडवणाऱ्या मार्शा लिनेहान तरुणपणी स्वतः मनोरुग्णालयात होत्या. त्यांनी हे २०११ साली जाहीरपणे सांगितलं, तोवर जगभर त्यांची पद्धत वापरली जात होती. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट के रेडफिल्ड जेमिसन यांनी १९९५ मध्ये स्वतःच्या बायपोलर आजाराबद्दल लिहिलं, तेव्हा त्याही या आजाराच्या नावाजलेल्या अभ्यासक होत्या. दोघींनी सांगितलं ते नाव झाल्यावर. बावीस वर्षांच्या अर्जदाराच्या मागे ते संरक्षण नसतं. समित्यांनी बदलायला हवं, आणि आमच्या बैठकांत मी हे वेळोवेळी बोललेही. पण यंदा अर्ज करणाऱ्या मुलीचा अर्ज यंदाचीच समिती वाचणार आहे.

मग स्वतःचं काही लिहायचंच नाही का? लिहायचं, पण ते प्रश्नापर्यंत नेऊन सोडायचं. समजा एखाद्याच्या भावाला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार. त्या घरातली दहा वर्षं तो दीड पानभर सांगू शकतो. किंवा एका वाक्यात ते सांगून पुढे लिहू शकतो की भावाची चिंता कमी व्हावी म्हणून आम्ही घरातले सगळेच त्याच्या त्या ठरावीक कृतींत सामील व्हायचो. घरच्यांच्या या साथीने आजार टिकून राहतो का, आणि ती हळूहळू काढून घेतली तर मूल उपचाराला जास्त प्रतिसाद देतं का, हे मला अभ्यासायचं आहे. या प्रश्नावर खरोखर काम चालू आहे. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी पालकांच्या याच वागण्यात बदल घडवून मुलांच्या चिंताविकारावर उपचार करण्याची पद्धत विकसित केली आहे. तिच्यात मुलाला उपचाराला बसवावंच लागत नाही, सत्रं होतात ती आईवडिलांची. अर्जदाराने हे काम वाचलेलं असेल, एखाद्या प्रयोगशाळेत मुलाखतींच्या ध्वनिफिती ऐकून त्यांचं कोडिंग, म्हणजे उत्तरांचं ठरावीक गटांत वर्गीकरण, केलेलं असेल आणि ते करताना आपल्याला काय खटकलं हे दोन ओळींत सांगता येत असेल, तर वाचणारा पान उलटून पुन्हा नाव पाहतो. भावाचं दुखणं त्यात आहेच, पण या मुलाला सावरायला धावावं असं वाचणाऱ्याला वाटत नाही.

संशोधनाचा एवढा आग्रह का, असं वाचकांना वाटेल. त्याचं उत्तर या शाखेच्या घडणीत आहे. लायटनर विटमर यांनी १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक काढलं, तेव्हापासून नातं विद्यापीठाशी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी प्रशिक्षित माणसांची मोठी गरज निर्माण झाली, सरकारी पैसा आला, आणि १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर इथल्या परिषदेत ठरलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा आधी वैज्ञानिक आणि त्याबरोबरच उपचारक असला पाहिजे. आजची पीएच.डी. त्याच साच्यातली आहे. ज्यांना मुख्यतः उपचारच करायचे आहेत त्यांच्यासाठी साय.डी. ही वेगळी डॉक्टरेट निघाली. इलिनॉय विद्यापीठाने ती १९६८ मध्ये सुरू केली आणि १९७३ च्या व्हेल परिषदेत तिला रीतसर स्थान मिळालं. म्हणजे 'मला थेरपी करायची आहे' ही इच्छा मुळीच कमी प्रतीची नाही, फक्त ती घेऊन कुठे जायचं हे पाहायला हवं. आणि नुसती थेरपीच करायची असेल तर डॉक्टरेटही लागत नाही. क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंग किंवा सोशल वर्क यांतली पदव्युत्तर पदवी, त्यानंतर देखरेखीखालचे तास आणि परीक्षा, या वाटेने परवाना मिळतो. पाच-सहा वर्षं संशोधनात घालवायची तयारी नसलेल्या मुलांना पीएच.डी.कडे ढकलणारे पालक आणि सल्लागार मी फार पाहिले.

पैशाचा फरकही मोठा आहे. विद्यापीठांतल्या बहुतेक पीएच.डी. अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क माफ असतं आणि अध्यापन किंवा संशोधन सहायक म्हणून विद्यावेतन मिळतं. साय.डी.च्या बऱ्याच ठिकाणी खर्च विद्यार्थ्यालाच करावा लागतो, बहुधा कर्ज काढून.

हे सगळं अर्ज करण्याआधी कळायला एक जागा आहे आणि ती आपल्या लेखात कुठेच आली नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटलं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची म्हणजे एपीएची मान्यता असलेल्या प्रत्येक डॉक्टरेट अभ्यासक्रमाला आपल्या संकेतस्थळावर ठरावीक आकडेवारी जाहीर करावी लागते. पदवी मिळायला किती वर्षं लागतात, खर्च किती, मध्येच किती जण सोडून गेले, इंटर्नशिप किती जणांना मिळाली, पुढे परवाना किती जणांकडे आहे, हे सगळं तक्त्यात असतं. विद्यापीठांची क्रमवारी चकचकीत असते, हे तक्ते रूक्ष. पण पाहायचे ते हेच. सोडून जाणाऱ्यांचा आकडा दरवर्षी मोठा दिसत असेल तर त्यामागे कारण असतंच, ते तिथल्या विद्यार्थ्यांना गाठून विचारावं.

इंटर्नशिपचा रकाना तर बोट ठेवून वाचावा. शेवटी एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप केल्याशिवाय पदवी हातात पडत नाही, आणि ती सहसा विभाग देत नाही. देशभरातले विद्यार्थी आणि इंटर्नशिप देणाऱ्या संस्था एकमेकांची पसंतीची यादी देतात आणि एपीपिक या इंटर्नशिप केंद्रांच्या संघटनेच्या 'मॅच'मधून जोड्या लागतात. २०१० च्या आसपासची काही वर्षं तर जागांपेक्षा अर्जदार बरेच जास्त होते. सगळं पूर्ण करूनही मुलं वर्षभर अडकून पडली. त्यानंतर २२५ प्रश्नांची ईपीपीपी ही परवाना परीक्षा. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणं आणि त्या अभ्यासक्रमाला एपीएची मान्यता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही अनेकांना प्रवेश घेतल्यावर कळतं. त्या दुसऱ्या मान्यतेवाचून पुष्कळ इंटर्नशिपची दारं बंद राहतात आणि अनेक राज्यांत परवान्याची वाट खडतर होते.

बाकीचं थोडक्यात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा २०२० नंतर बऱ्याच विभागांनी काढून टाकली किंवा ऐच्छिक केली, तेव्हा त्यावर वर्ष घालवण्याआधी तपासावं. शिफारसपत्र मोठ्या नावाच्या माणसाकडून नको, आपलं काम जवळून पाहिलेल्याकडून घ्यावं. ज्यांच्याकडे जायचं त्या प्राध्यापकांना आधीच छोटी ईमेल करावी : पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का? एवढं विचारलं तरी कितीतरी अर्जांचं शुल्क वाचतं. आणि पदवीनंतर एक-दोन वर्षं संशोधन सहायक म्हणून काढली तर ती वाया जात नाहीत. निवड होणाऱ्यांत असे बरेच असतात.

अर्थसाहाय्यासह प्रवेशाचं पत्र आलं की घरचे घाई करतात, म्हणून हेही सांगून ठेवते. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं अशा विद्यार्थ्यावर १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती करू शकत नाहीत. तोवर दुसऱ्या विभागाला भेट द्यावी, तिथल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी प्राध्यापकांच्या माघारी बोलावं, आणि गाइड कसा आहे, आठवड्याला भेटतो की महिन्याला, विद्यार्थ्याचं नाव शोधनिबंधावर कुठे घालतो, हे विचारावं.

आपली पुरवणी अर्जाच्या हंगामात हजारो घरांत वाचली जाते. पुढच्या वेळी हा विषय घ्याल तेव्हा नमुन्याच्या एसओपीऐवजी एपीएचा तो तक्ता कुठे सापडतो आणि कसा वाचायचा, यावर अर्धं पान द्यावं, ही विनंती. लेखासाठी लागेल ती मदत करायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका