मॉसफेट जाळून किती दिवस शिकायचं?

महोदय,

हिंगणा एमआयडीसीत माझं चार्जर बनवण्याचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या मे महिन्यात 3 किलोवॉटच्या एका नव्या बोर्डाला पहिल्यांदा पूर्ण व्होल्टेज दिलं आणि फट्ट! सिलिकॉन कार्बाइडचे चार मॉसफेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), सोबत त्यांना चालवणारे गेट ड्रायव्हर, सगळं खलास. आमचे पोट्टे टेबलापासून दोन हात मागे सरकले. तो जळका वास कूलर लावूनही दोन दिवस गेला नाही.

चूक कळायला आठवडा लागला. फॉल्ट आला की मॉसफेटना चालू-बंदचे हुकूम देणारा कंट्रोलर रीसेट व्हायचा, आणि परत सुरू होताना डेड टाइम (एक मॉसफेट बंद झाल्यावर दुसरा चालू करण्याआधी क्षणभर थांबायची वेळ) सेट होण्याआधीच हुकमाचे पल्स सुटायचे. वरचा मॉसफेट पुरता बंद होत नाही तोच खालचा चालू, म्हणजे डीसी बस, बोर्डावरची मुख्य वीजपुरवठ्याची लाइन, सरळ शॉर्ट. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये हाच चार्जर महिनाभर बिनतक्रार चालला होता. चालणारच! तिथे कंट्रोलरसुद्धा चित्रातलाच. खरं कार्ड आणि त्यातला खरा प्रोग्रॅम तपासला कुठे जातो?

यावर उपाय आहे, आणि तो नवाही नाही. कंट्रोलर खरा ठेवायचा आणि पॉवर सर्किट मात्र एफपीजीए चिपमध्ये (हवं तसं सर्किट आत रचता येणारी चिप) समीकरणांच्या रूपात, खऱ्या वेळेच्या बरोबरीने चालवायचं. कंट्रोलरला वाटतं, पुढे चार्जरच जोडलाय. शॉर्ट झालाच तर पडद्यावर करंटचा आकडा उसळतो, जळत काही नाही. रीसेट शंभरदा करून बघा.

खरी मेख वेगाची. आमचं स्विचिंग 100 किलोहर्ट्झचं, म्हणजे एक चक्र 10 मायक्रोसेकंदांचं. वीज ग्रिडच्या अभ्यासाचे सिम्युलेटर साधारण 50 मायक्रोसेकंदांचं एकेक पाऊल टाकतात, म्हणजे तेवढ्या वेळात एकदाच गणित करतात; तेवढ्यात आमची पाच चक्रं होऊन जातात. 1 मायक्रोसेकंदाचं पाऊलही जाडंभरडंच, कारण पल्सची कड, म्हणजे तो सुरू किंवा बंद होण्याचा क्षण, चक्राच्या दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. डेड टाइम तर शे-दोनशे नॅनोसेकंदांचा. तेव्हा ‘रिअल टाइम’ एवढी पाटी वाचून मशीन घेऊ नये. पल्सची कड किती नॅनोसेकंदांपर्यंत टिपते ते आधी विचारावं. काही मशीन वेग साधण्यासाठी चालू स्विचला छोटं कॉइल आणि बंद स्विचला छोटा कपॅसिटर मानतात. गणित हलकं होतं, पण प्रत्यक्षात नसलेला स्विचिंग लॉसही (स्विच चालू-बंद होताना वाया जाणारी वीज) दिसू लागतो.

असं मशीन एकट्याने घेणं माझ्यासारख्याच्या आवाक्याबाहेरचं. पण नागपुरात व्हीएनआयटीसारखं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, हिंगणा-बुटीबोरीला कारखाने आहेत, अजनीला इलेक्ट्रिक इंजिनांची शेड आहे. या सगळ्यांत मिळून एक टेस्ट बेंच तासाच्या भाड्याने बाहेरच्यांनाही खुला असावा, एवढंच मागणं आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुलपात ठेवलेला नको.

नागपूरच्या 45 अंशांत हीटसिंक किती तापतो, बोर्डवरच्या लांब ट्रॅकमुळे व्होल्टेज किती उसळतं, हे खऱ्या बोर्डावरच तपासावं लागेल. ते आम्ही करू.

आपला,
एक लघुउद्योजक वाचक
हिंगणा रोड, नागपूर