पर्यावरण आणि वित्त : एका घरात दोन चुली

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस जवळ आले की विद्यापीठांच्या जाहिरातींत ‘पर्यावरण आणि वित्त’ अशा जोडनावाचे अभ्यासक्रम दिसू लागतात. कल्पना चांगलीच आहे. मात्र त्यांपैकी काहींची अभ्यासपत्रिका उघडून पाहिली की पर्यावरणशास्त्राचे चार विषय एका विभागात, वित्ताचे चार दुसऱ्या विभागात आणि दोहोंची सांगड घालण्याचे काम शेवटच्या सत्रातील प्रकल्पावर, म्हणजे विद्यार्थ्याच्या माथी, असा प्रकार आढळतो. माझी सगळी नोकरी दीर्घ मुदतीच्या कर्जप्रस्तावांची छाननी करण्यात गेली. अडचणीचे प्रश्न या दोन विभागांच्या मधल्या जागेतच उभे राहतात, हा माझा अनुभव आहे.

नदीकाठच्या एका प्रकल्पाच्या अहवालात ‘१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी’ नमूद केलेली होती. असा पूर थोड्याच वर्षांपूर्वी येऊन गेला असल्यामुळे कर्ज फिटेपर्यंत काळजी नाही, असा अर्थ आमच्या एका अनुभवी सहकाऱ्याने बैठकीत लावला आणि कोणी हरकतही घेतली नाही. वस्तुतः तसा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का आहे, एवढेच ते शब्द सांगतात. तो नुकताच येऊन गेला म्हणून ती शक्यता घटत नाही. कर्जाची मुदत ३० वर्षांची असेल, तर त्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. गणित अवघड नाही. पण जलशास्त्र शिकलेल्याला कर्जाची मुदत ठाऊक नसते आणि मुदत ठरवणाऱ्याला जलशास्त्र. शिवाय हा १ टक्का जुन्या नोंदींवरून काढलेला असतो, आणि तापमानवाढीने पावसाचे स्वरूपच बदलत असताना त्या नोंदी पुढच्या ३० वर्षांना कितपत लागू पडतील, हे विचारणारा माणूस त्या बैठकीत असायला हवा होता.

वटावाच्या दराची, म्हणजे भविष्यातील रक्कम आजच्या किमतीत आणताना ती दरवर्षी किती टक्क्यांनी कमी धरायची त्या दराची, गोष्ट याहून गंभीर आहे. आजपासून १०० वर्षांनी होणारे १,००० कोटींचे नुकसान वार्षिक १.४ टक्के दराने आजच्या किमतीत आणले, तर ते सुमारे २५० कोटी होते. दर ५ टक्के धरला, तर आठ कोटींहूनही कमी. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या हवामानबदलाच्या अर्थकारणावरील २००६ च्या अहवालात पहिल्याच्या आसपासचा दर होता, आणि पुढे २०१८ मध्ये नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी त्या अहवालावर केलेली टीका प्रामुख्याने या दरावरच होती. वित्ताच्या वर्गात हा दर बहुधा गणितात दिलेलाच असतो. नातवंडांच्या पिढीचे नुकसान आपण किती हलके लेखतो, हा प्रश्न त्यात दडलेला आहे, हे सांगायचे राहून जाते.

पर्यावरणवाल्यांनीही यात स्वतःला फार निर्मळ समजू नये. (पैशाचा हिशेब म्हणजे जणू विटाळ, असे मानणारे अभ्यासक मी पाहिले आहेत.) मिथेनची उष्णता धरण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत १०० वर्षांच्या कालावधीत २७ ते ३० पट भरते आणि २० वर्षांच्या कालावधीत ८० पटींहून अधिक. कोणता कालावधी धरायचा, ही निवड वटावदराच्या निवडीचीच सख्खी बहीण आहे. कार्बन क्रेडिटचे, म्हणजे उत्सर्जन टाळल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्राचेही तेच. जे जंगल एरवीही तोडले जाणार नव्हते, ते राखल्याबद्दल क्रेडिट विकले गेले तर हिशेब कागदावर जुळतो आणि हवेत काहीच बदलत नाही. हे ओळखायला जंगल आणि करारनामा दोन्ही वाचता यावे लागतात.

हवामानाशी निगडित जोखीम कंपन्यांनी कशी जाहीर करावी, याचे आंतरराष्ट्रीय मानक जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. असे अहवाल लिहिणारे आणि तपासणारे लोक विद्यापीठांतूनच यायचे आहेत. त्यासाठी निदान दोन-तीन विषय असे हवेत, की जे दोन्ही विभागांच्या शिक्षकांनी एकाच वर्गात उभे राहून शिकवावेत आणि एकच उत्तरपत्रिका दोघांनी तपासावी. यात आडवा येतो तो तासिकांचा हिशेब, म्हणजे हा विषय कोणत्या विभागाच्या खात्यावर मांडायचा, हा प्रश्न. तो सोडवणे विद्यापीठांच्या हातात आहे.

तोवर विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे : दोन्ही विभागांचे शिक्षक मिळून तपासतात, असा विषय कोणता? ‘शेवटच्या सत्रातील प्रकल्प’ असे उत्तर आले, तर दोहोंपैकी एका विषयाची साधी पदवी घ्यावी आणि दुसरा विषय ग्रंथालयात बसून वाचावा, असे मला वाटते.

आपला,
एक निवृत्त कर्ज-मूल्यमापन अधिकारी