आयरिश वंशावळ शोधणाऱ्या सभासदांसाठी सूचना

१९२२ च्या आगीत डब्लिनच्या दप्तरखान्यातली जुनी जनगणना गेली, हे रडगाणे आता पुरे. १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून लिहिलेल्या गोष्टी 'दूखस' (duchas.ie) या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. जवळपास ५,००० शाळा आणि ५०,००० मुले! दुष्काळ, पवित्र विहिरी, दफनभूमी, गावचे लोहार-विणकर, सगळे त्यात आहे.

आधी परगणा आणि शाळा शोधा, मग आडनाव. कित्येक पानांवर मुलाचे आणि सांगणाऱ्याचे नाव असते, कुठे वयही. ते आगीतून वाचलेल्या १९०१ आणि १९११ च्या जनगणनेशी ताडून पाहा. बरीच पाने आयरिश भाषेत आहेत. नावाचे आयरिश रूपही टाकून बघा. उत्तर आयर्लंडचे सहा परगणे मात्र यात नाहीत, तिथे वेळ घालवू नका.

पणजोबांचे नाव सापडले नाही तरी शेजारच्या घरातल्या आठवणी वाचा. खरा मालमसाला बहुधा तिथेच असतो. फक्त ऐकीव गोष्ट वंशवृक्षात थेट चढवू नका. शेऱ्यात 'तोंडी माहिती' असे लिहून शाळेचे नाव, खंड आणि पान नोंदवा.