दिव्यांची मान खाली करा

माननीय नगरविकास मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

रस्त्यांवर नवे एलईडी दिवे लागले, विजेची बचत होऊ लागली. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या दिव्यांच्या रंगाची आणि ते ज्या दिशेला तोंड करून उभे आहेत त्याची.

आम्हा हौशी आकाशनिरीक्षकांची सगळी भिस्त डोळ्यांवर. ते अंधाराला नीट सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात, म्हणून तारकानकाशासुद्धा आम्ही मंद लाल टॉर्चमध्ये पाहतो. तेवढ्यात कुठला तरी फ्लडलाइट डोळ्यांत घुसला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, तरी काळोख्या आकाशात ती नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखी दिसते. शहरातून दुर्बीण लावली तरी तिचा गाभा तेवढा हाती लागतो, बाकीचा पसारा आकाशाच्या उजेडात बुडालेला. मोठी दुर्बीण घ्या म्हणणारे भेटतात. पण ती दीर्घिकेसोबत हा उजेडही गोळा करतेच.

जुने पिवळे सोडियम दिवे आमच्यासाठी बरे होते म्हटले की लोक हसतात. पण त्यांचा बराचसा प्रकाश वर्णपटाच्या ठरावीक भागात असायचा, फिल्टर लावून तो पुष्कळसा अडवता यायचा. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश वर्णपटभर पसरलेला. फिल्टर अडवणार तरी काय काय? त्यात निळा भाग जास्त, आणि हवेत निळा प्रकाशच अधिक विखुरतो.

यावर ‘छंदासाठी रस्ते अंधारात ठेवायचे का?’ असे कोणी विचारेल. नाही. तिरपा बसवलेला दिवा चालणाऱ्याच्या डोळ्यांत चमकतो आणि पलीकडच्या सावलीतला माणूस दिसेनासा होतो. आम्ही मागतो तो उजेड रस्त्यावरच पडावा, एवढेच. आणि छंदाचे म्हणाल, तर २०१९ साली दुसऱ्या ताऱ्याच्या परिसरातून आलेला पहिला धूमकेतू गेन्नादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून शोधला.

अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ शहराने १९५८ सालीच सर्चलाइटवर निर्बंध घातले होते. त्यामुळे ते गाव काही अंधारात बुडाले नाही.

आम्हाला नवे तारांगण नको. यापुढच्या दिव्यांच्या निविदांमध्ये तीन अटी घाला: रंग ३००० केल्विनच्या वर नको (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर, जितका जास्त तितका निळसर), दिवा वरून आणि बाजूंनी पूर्ण झाकलेला हवा, आणि मध्यरात्रीनंतर तो आपोआप मंद व्हायला हवा. जाहिरातफलकांचे दिवे खालून वर रोखलेले असतात. त्यांनाही हाच नियम लावा. (ते दिवे रात्रभर नक्की कोणासाठी जळतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.) बसवलेले दिवे काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. जे नुसते तिरपे बसले आहेत, ते सरळ करायला शिडी आणि पाना पुरेसा आहे. तेवढे काम नव्या निविदेची वाट न पाहता सुरू करण्याचे आदेश द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक हौशी आकाशनिरीक्षक