फ्रँकल ऑशविट्झमध्ये तीन वर्षे नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. व्हिक्टर फ्रँकल यांच्यावरचा लेख आवडीने वाचायला घेतला आणि ‘ऑशविट्झमध्ये तीन वर्षे काढलेला डॉक्टर’ या ओळीपाशीच अडखळलो. फ्रँकल ऑशविट्झच्या नाझी छावणीत जेमतेम तीन-चार दिवस होते. सप्टेंबर १९४२ मध्ये ज्यू म्हणून त्यांना पत्नी आणि आईवडिलांसह नेले ते टेरेझिनच्या छावणीत. तिथे दोन वर्षे गेली, वडील तिथेच वारले. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झ, आणि लगेच डाखाऊच्या अखत्यारीतल्या छावण्यांत रवानगी. आई ऑशविट्झमध्ये मारली गेली, पत्नी टिली बेर्गन-बेल्झनच्या छावणीत वारली. ज्याचे घरच असे रिकामे झाले, त्याच्या दुःखाला वाढीव आकडा कशाला लावायचा?

चौकटीत छापलेले ‘प्रसंग आणि प्रतिसाद यांच्यामध्ये एक जागा असते’ हे वाक्यही त्यांच्या पुस्तकांत सापडत नाही. अमेरिकी लेखक स्टीफन कोवी यांनी ते ग्रंथालयात कुठल्याशा पुस्तकात वाचले, लेखकाचे नाव विसरले, आणि पुढे ते फ्रँकल यांना चिकटले. आता सूर्योदयाच्या चित्रासकट रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येते!

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. लेख सुरूच १९४२ पासून होतो, जणू छावणीनेच या माणसाला शहाणे केले. तेव्हा ते ३७ वर्षांचे, मुरलेले डॉक्टर होते. १९३३ ते १९३७ अशी चार वर्षे त्यांनी श्टाइनहोफच्या मनोरुग्णालयात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या स्त्रियांचा विभाग सांभाळला होता. १९४० पासून ते ज्यूंसाठीच्या रोथशिल्ड रुग्णालयात मज्जाविकार विभागाचे प्रमुख होते. नाझी राजवट मनोरुग्णांना ठार मारत होती, म्हणून ते केसपेपरवर मुद्दाम खोटे निदान लिहीत आणि रुग्ण वाचवत. अमेरिकेचा व्हिसा हातात असून तो त्यांनी आईवडिलांसाठी वाया जाऊ दिला. जगण्याला अर्थ हवा, हा त्यांचा विचारही छावणीत सुचलेला नाही. त्यावरच्या पुस्तकाचे हस्तलिखित कोटात लपवूनच ते ऑशविट्झला पोहोचले होते. तिथे कोटासकट हस्तलिखितही गेले. पुढे ट्युर्कहाइमच्या छावणीत टायफसच्या तापात, चोरून मिळवलेल्या कागदाच्या कपट्यांवर त्यांनी त्यातले मुद्दे पुन्हा टिपले.

सुटकेनंतर छावणीवरचे पुस्तक त्यांनी नऊ दिवसांत तोंडी सांगून लिहवून घेतले. १९४६ च्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. त्यांना ते निनावीच हवे होते. नंतर याच पुस्तकाने नाव जगभर झाले, तरी १९७० पर्यंत ते व्हिएन्नाच्या पॉलिक्लिनिकमध्ये विभागप्रमुख होते. मोठ्या लेखकाच्या चरित्रात अशा नोकरीला आपण एक ओळ देतो. मी ग्रंथपाल म्हणून जन्म काढला, हा दोष आमच्या कपाटांतही भरपूर आहे.

एक विनंती. श्टाइनहोफच्याही आधी फ्रँकल यांनी व्हिएन्नात तरुण मुलांसाठी मोफत सल्लाकेंद्रे उभी केली होती. शाळेची प्रगतिपुस्तके मिळायच्या दिवसांत तिथे खास लक्ष दिले जाई, कारण मुले जीव देत. आपल्याकडे दहावी-बारावीचे निकाल लागतात, त्याच्या आदल्या आठवड्यात एवढ्याच भागावर लेख छापता आला तर पाहावे.

कळावे,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा