धाप लागणाऱ्यांना व्यायामही लिहून द्या

महोदय,

सीओपीडीचा (मुख्यतः धुरामुळे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागण्याचा जुनाट आजार) रुग्ण रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर इन्हेलर असतो, गोळ्या असतात आणि वर 'विश्रांती घ्या' हा सल्ला असतो. व्यायामाचे नावही नसते. माझ्या सासूबाईंच्या कार्डावर नव्हते. विडी-सिगारेटला त्या कधी शिवल्या नाहीत. जन्म चुलीच्या धुरात गेला, एवढेच.

धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो. बसून मांड्या झडतात, आणि मग तेवढ्याच कामाला आणखी धाप लागते. फुप्फुसांची झीज व्यायामाने भरून येत नाही, पण पायांतली ताकद परत आणता येते. पल्मनरी रिहॅबिलिटेशन (फुप्फुसाच्या रुग्णांचे पुनर्वसन) म्हणजे मुख्यतः हेच: साधारण 6 ते 12 आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2015 मध्ये याविषयीच्या 65 चाचण्या एकत्र तपासल्या. धाप व थकवा कमी होतो आणि चालण्याची क्षमता वाढते हे त्यात इतके स्पष्ट दिसले, की उपयोग होतो की नाही हे पाहण्यासाठी आणखी चाचण्यांची गरज नाही, असे त्यांनी लिहिले. तरी आपल्याकडे रुग्णाला हे कळते ते बहुधा ओळखीपाळखीतून.

आम्हालाही तसेच कळले. ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सासूबाईंना खुर्चीचा आधार न घेता उठायला-बसायला लावले, हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दिल्या, बोटाला ऑक्सिमीटर लावून व्हरांड्यात चालवले. गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवले. त्याने आत अडकलेली हवा बाहेर पडते. आता त्या देवळापर्यंत एकट्या जातात. वाटेत पारावर टेकतात, पण जातात. (हे सारे डॉक्टरांना विचारूनच करावे, चालताना ऑक्सिजन कमी होणाऱ्यांनी तर नक्कीच.)

यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. रुग्ण सहा मिनिटांत किती चालतो हे पाहण्याच्या चाचणीला 30 मीटरची मोकळी, सपाट जागा, खुर्ची, घड्याळ आणि ऑक्सिमीटर पुरतो. लागतो तो शिकवणारा माणूस, आणि तो तालुक्याच्या ठिकाणी हवा. धाप लागणारी बाई आठवड्यातून तीनदा एसटीने जिल्ह्याला कशी जाणार?

नोव्हेंबरात जागतिक सीओपीडी दिनाला शिबिरे होतात, फुप्फुसे तपासायला यंत्रात फुंकर मारून घेतात, निकालाचा कागद हातात देतात. तो कागद घेऊन पुढे कुठे जायचे, हेही तिथेच सांगावे. आजार बळावून दाखल झालेल्यांचा व्यायाम तर घरी सोडल्यापासून महिन्याभरात सुरू व्हायला हवा. आरोग्य विभागाने डिस्चार्ज कार्डावर निदान एक रकाना वाढवावा: 'फिजिओथेरपिस्टकडे पाठवले – होय / नाही'.

– एक वाचक, जि. सातारा