अंडी मागत फिरणारी बाई

प्रिय मंदा,

तुझं पत्र मिळालं. कॉलेजच्या लॅबमध्ये एक धड मायक्रोस्कोप नाही म्हणून वैतागली आहेस. मी तुला शहाणपण शिकवत नाही, पण सध्या रिटा लेवी-मोंताल्चीनी माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलीय, तिचं सांगतेच.

इटलीतल्या तुरिनची, जन्म 1909 चा. मुलींनी शिकून करायचंय काय, अशा मताच्या वडिलांना पटवून ती डॉक्टर झाली. 1938 मध्ये मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठाबाहेर काढलं. हिनं मग झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली! शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली. कोंबडीच्या गर्भात पायाचा नुकता फुटलेला कोंब कापायचा आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशींचं पुढं काय होतं ते पाहायचं. असाच प्रयोग अमेरिकेत व्हिक्टर हॅम्बर्गर या शास्त्रज्ञानं केला होता. अवयव नसेल तर पेशी घडतच नाहीत, असं त्याचं म्हणणं. रिटाला मात्र दिसलं की पेशी घडतात, वाढूही लागतात, आणि मग मरतात. म्हणजे त्यांना जगवणारं काहीतरी पायाकडून येत असणार.

बॉम्बहल्ल्यांमुळे सगळे खेड्यात गेले, तरी काम चालूच. शेतकऱ्यांकडे ‘माझ्या मुलांसाठी’ म्हणून अंडी मागायची. मुलं कुठली, लग्नच नव्हतं केलं! गर्भ काढून उरलेल्याचं घरी ऑम्लेट व्हायचं. भावाला ते कळलं आणि त्यानं ऑम्लेटच सोडलं.

1947 मध्ये हॅम्बर्गरनंच तिला अमेरिकेत सेंट लुईसला बोलावलं. काही महिन्यांसाठी गेलेली ती तिथं कित्येक वर्षं रमली. 1952 मध्ये ट्यूमर असलेले दोन उंदीर घेऊन विमानानं रिओ द जानेरोला गेली. तिथं काचेत ट्यूमरशेजारी वाढवलेल्या चेतापेशींच्या पुंजक्याभोवती चेतातंतू सूर्याच्या किरणांसारखे फुटलेले दिसले. चेतापेशी वाढवणारा तो पदार्थ पुढं स्टॅन्ली कोहेननं वेगळा काढला. 1986 चं नोबेल दोघांना मिळालं.

हॅम्बर्गरला नाही मिळालं, हे मला खटकतं. तेव्हा तो हयात होता. गेला 2001 मध्ये, शंभरीत. तू म्हणशील, चुकीच्या उत्तराला कुणी बक्षीस देतं का? पण आपलं उत्तर खोडणाऱ्या पोरीला सन्मानानं बोलावून घेणारा माणूस मोजायचा नाही का? भांडायचं असेल तर फोन कर, रविवारी घरीच आहे.

तुझीच,
सुधा